होकाराच्या दोन तऱ्हा

इच्छापोरहून शहराकडे निघालेल्या बसमध्ये, माघातल्या एका कलत्या दुपारी, श्रीरंगने शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीपुढे पाण्याची बाटली धरली आणि कमालीच्या गांभीर्याने विचारले, "घशात काही अडकलंय का?"

मुलीने कानातला इअरफोन काढला. "नाही. मी डॅनिश बोलतेय."

"कुणाशी?"

"स्वतःशी... आणि तेही तुम्ही थांबवलंत."

बाटली मात्र तिने घेतली. ती सुषमा. वाटेतल्या एका रुग्णालयात परिचारिका होती. तिचे वडील चिंधा शहरातल्या गोडादऱ्यात कापडाचे लूम चालवीत. डेन्मार्कमधल्या एका वृद्धाश्रमात दोन वर्षांची नोकरी तिला मिळण्यासारखी होती, फक्त तोंडी परीक्षेचा उंबरा ओलांडायचा होता. श्रीरंग मूळचा परभणीकडचा. बंदरात येणाऱ्या जहाजांची कामे पाहणाऱ्या एका कचेरीत तो होता आणि फिलिपिनो खलाशांच्या संगतीत सहा वर्षांत त्यांची भाषा त्याच्या जिभेवर रुळली होती.

पुढे रोज तीच बस, तेच आसन, आणि तोच वाद.

"डॅनिश माणूस दहा अक्षरं लिहितो आणि चारच बोलतो," श्रीरंग म्हणे. "उरलेली सहा जातात कुठं?"

"थंडीत गोठतात."

"फिलिपिनो बघा! लिहिलंय तेवढं सगळं बोलायचं. साबणाला ते 'सबोन' म्हणतात. आपल्या चुलत घरची भाषा वाटते की नाही? शिवाय मोठ्यांशी बोलताना वाक्यागणिक 'पो' लावायचा, मान म्हणून."

"डॅनिशमध्ये डॉक्टरलासुद्धा 'तू'."

"मग मलाही 'तू' म्हणा. तेवढाच सराव."

"परीक्षक झालात की म्हणेन," असे म्हणून ती खिडकीकडे वळे. मावळतीच्या उजेडात तापी सोनेरी होऊन पसरलेली असे. हे पाणी आपल्या मूळ गावावरून, शिरपूरवरून वाहत आले आहे, हा विचार एरवी तिला गावाची आठवण करून देई. अलीकडे मात्र पूल येताच शेजारच्या माणसाचा आवाज हलका होतो, हेच तिला आधी जाणवू लागले होते. मांडीवर पोंकाची पुडी उघडी असे. तिच्या भाषेत तो हुरडा. कोवळे, हिरवे दाणे दोघांच्या बोटांत एकाच वेळी येत, आणि मग कुणीतरी हात मागे घेई...

एकदा श्रीरंगने नवीच गोष्ट सांगितली. "हे खलाशी 'हो' म्हणतच नाहीत. नुसत्या भुवया उचलतात. झाला होकार!"

सुषमाला हसू आले. "डॅनिश आजीआजोबा 'हो'साठी 'या' म्हणतात, पण श्वास आत ओढत. असं." तिने ओठ किंचित विलग करून तो लहानसा, आत जाणारा होकार करून दाखवला. श्रीरंगने नक्कल केली आणि त्याला जोराचा ठसका लागला.

"होकार गिळतात ही माणसं?" डोळे पुसत त्याने विचारले.

"जपून ठेवतात." मग ती गंभीर झाली. "पण मला दोन्ही पटत नाहीत. होकार तोंडानं द्यावा, लख्ख. आमच्याकडे मुलगी गप्प बसली की हो समजतात. मंदामावशी अशीच गप्प बसली होती... तिला ते स्थळ नको होतं."

वादात श्रीरंग प्रथमच हरला होता.

चैत्रात निकाल लागला. सुषमा उत्तीर्ण झाली. जूनमध्ये निघायचे ठरले. त्या संध्याकाळी पुलावर श्रीरंगने विचारले, "तुमच्या घरी येऊ? आईला घेऊन?"

तिची बोटे पुडीच्या कागदाशी चाळा करू लागली. "या. पण उत्तर मी देणार, अण्णा नव्हे."

घरी तिने अण्णांना बजावले, "सगळ्यांसमोर मलाच विचारा. आणि मी गप्प राहिले, तर नाही समजा."

चिंधाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "शब्द दिधा, माय," तो म्हणाला. आणि चिंधाचा शब्द म्हणजे शब्द.

रविवारी सकाळी श्रीरंग आणि त्याची आई मालतीबाई गोडादऱ्याला आली. चहा झाला, पोहे झाले. मागच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट भिंतीतून झिरपत होता. मालतीबाईंनी मायेने विचारले, "पोरी, दोन वर्षं तिकडं राहशील. माझा पोरगा थांबतो म्हणतोय. तू थांबशील का त्याच्यासाठी?"

सुषमाने तोंड उघडले... आणि परीक्षकांपुढे परकी भाषा खळखळून बोललेल्या त्या मुलीला स्वतःच्या भाषेतले एक अक्षर सापडेना! आतल्या दारात उभ्या असलेल्या तिच्या आईचे पाणावलेले डोळे समोर होते. अण्णांचे रापलेले हात गुडघ्यांवर स्थिर होते. एका अक्षराचा तो शब्द ओठांपर्यंत येई आणि परते.

"बोल ना, माय," चिंधा हलकेच म्हणाला.

खडखडाट तेवढा चालू राहिला. शेवटी चिंधाने मान खाली घातली. "मी शब्द देल शे. पोर काही बोलनी नही. माफ करा, बाई..."

मालतीबाईंनी पदर सावरला. श्रीरंगचा चेहरा उतरला. तो उठून उभा राहिला. दारापाशी त्याने एकदाच वळून पाहिले.

आणि सुषमाने भुवया उचलल्या.

क्षणभर तो बघतच राहिला. मग उत्तरादाखल त्याने श्वास आत ओढला, तोच तिने शिकवलेला होकार, इतक्या जोराने की त्याला पुन्हा ठसका लागला. मालतीबाई घाबरून त्याची पाठ चोळू लागल्या.

"त्या... हो म्हणाल्या," ठसक्यातून तो कसाबसा बोलला.

"कव्हय म्हनी?" चिंधा चकित झाला.

सुषमा आत धावली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. हसता हसता तिचा कंठ आपोआप मोकळा झाला होता.

"आत्ताच म्हटलं, अण्णा. आणि पुन्हा म्हणते. हो. हो!" मग तिने तांब्या श्रीरंगपुढे धरला आणि सर्वांदेखत म्हणाली, "घे. तू आधी पाणी पी."