टिकली गेली का?

दरडेवाडीचं वळण आलं तशी ओजस्वीने ओढणी नाकावर ओढली आणि शेजारी बसलेल्या, टीव्ही प्रक्षेपण केंद्रातल्या डॉ. नीलाक्षी वर्तकांना म्हणाली, "मॅडम, आता तोंडाने श्वास घ्या. पण तोंड फार उघडू नका, माश्या आहेत."

वर्तक मॅडम हसल्या. मग जीप वळली आणि त्यांचं हसू जागच्या जागी नासलं.

हा वास एकदा ज्याने घेतला तो विसरत नाही. शहरातल्या हॉटेलांतलं, लग्नाच्या पंगतींतलं शिळं अन्न टँकरने वाडीत यायचं. कारखान्याच्या हौदांत ते ओतायचे आणि त्यावर अळ्या पोसायचे. पांढऱ्या, गुबगुबीत, एकमेकींच्या अंगावरून सतत वळवळणाऱ्या. त्या वाळवून, दळून कोंबड्यांचं खाद्य व्हायचं. सगळ्या जगाने वाखाणलेला धंदा! फक्त हौदांतून झिरपणारं ते तपकिरी, चिकट पाणी कुठे जातं, हे जगाने विचारलं नव्हतं. ते वाडीच्या विहिरीत जात होतं.

ओजस्वी लामखडेने ते जगाला सांगून टाकलं होतं. आदल्या दिवशीच! सुळक्या डोंगरावरच्या विभागीय प्रक्षेपण केंद्रात शाळांची वक्तृत्व स्पर्धा झाली, विषय होता 'माझं गाव', आणि अख्ख्या विभागात ती थेट दाखवली गेली. फोनवर चित्रं दिसायचे दिवस केव्हाच सरले होते. फोनच्या लहरींवर आता फक्त बोलणं आणि अक्षरं जात, चित्रांचा सगळा भार पुन्हा डोंगरावरच्या मनोऱ्यांवर आला होता. मनोरा एक, ऐकणारी गावं शंभर. त्या मनोऱ्यासमोर उभी राहून नववीतली ओजू म्हणाली होती, "आमच्या विहिरीच्या पाण्यावर साय धरते. दुधावर धरते तशीच. फक्त आमची साय हलते."

पहिलं बक्षीस! आणि मॅडम स्वतः तिला सोडायला आल्या होत्या. पण बक्षिसाचं काय एवढं? खरी गोष्ट उद्याची होती. उद्या ग्रामसभेत कारखान्याच्या दुसऱ्या शेडला परवानगी द्यायची की नाही, यावर हात वर व्हायचे होते. ओजूचं भाषण गावाने ऐकलं असेल तर हात वर होणार नाहीत, एवढा साधा हिशोब तिने मनाशी धरला होता.

चहाच्या टपरीपाशी जीप थांबली आणि टपरीवाले गेनूनाना पेढ्याचा पुडा घेऊन धावत आले. "ये ये, वाघिणी! काय बोललीस गं! कारखान्यामुळे वाडीतली पोरं पुण्याला पळायची थांबली, हे तू म्हणालीस ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला."

"मी? असं कुठे म्हणाले मी?"

"लाजतीय बघा!" गेनूनानांनी तिच्या तोंडात पेढा कोंबला. पेढ्यावर माशी बसून गेली असणार हे ओजूला ठाऊक होतं, पण गिळावा लागला.

पुढे ठकूमावशी भेटली. तिने ओजूच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "पोरींनी उगाच उलट बोलू नये, आईला हातभार लावावा, किती गोड बोललीस! आमच्या सोनीला मुद्दाम समोर बसवून दाखवलं."

"मावशी, ते दुसऱ्या कुणाचं असेल."

"अगं, तुझंच तोंड, तुझाच आवाज! तुझी ती निळी ओढणी!"

ओजूला वाटलं, गाव मिळून तिची खेचतंय. वर्तक मॅडमचं मात्र या दोघांकडे लक्षच नव्हतं. त्या घरांच्या छपरांकडे बघत होत्या. प्रत्येक छपरावर बांबूला अँटेना होती, आणि एकूण एक अँटेना सुळक्याच्या मनोऱ्याकडे पाठ करून उभी होती.

"ओजस्वी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे अँटेना उलट्या का?"

"उलट्या कुठे? टिकली घालवून लावल्यात."

"टिकली?"

"पडद्यावर कोपऱ्यात लाल टिकली येते ना, ती! वारा सुटला की अँटेना हलते आणि येते. मग पप्पा छपरावर चढतात आणि विचारतात, 'टिकली गेली का?' आई खालून ओरडते, 'अजून आहे!' मग अजून फिरवतात. टिकली गेली की चित्र कसं, लोण्यासारखं! तुम्हाला नाही माहीत? टीव्हीखालची पेटी तुमच्याच केंद्राची तर आहे."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "चल," त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी चल. सहा वाजता भाषण पुन्हा दाखवणार आहेत."

घरी आई नुकतीच कारखान्यातून आली होती. ती चाळणीवर काम करायची, अळ्या आणि खरकटं वेगळं करायला. कितीही साबण लावला तरी तिच्या नखांत तो वास राहायचा. आईने पाहुणीला चहा दिला, ओजूच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काल मी रडले बाई. एवढं चांगलं तू कधी बोलली नव्हतीस माझ्याबद्दल."

"आई, तुझ्याबद्दल मी बोललेच नाही!"

"गप. बघ आता, लागतंय."

पप्पांनी टीव्ही लावला. पडद्यावर ओजस्वी आली. तीच निळी ओढणी, तीच वेणी, डाव्या गालावरचा तोच तीळ. ती ओजस्वी मान किंचित कलती करून हसली. खऱ्या ओजूने जन्मात कधी मान अशी कलती केली नव्हती.

"माझं गाव म्हणजे माझी आई," पडद्यावरची म्हणाली. "माझी आई कारखान्यात कष्ट करते. तिच्या हातांना अन्नपूर्णेचा सुगंध आहे."

तो आवाज ओजूचाच होता, पण कुणीतरी गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखा. ओठ तिचे होते, आणि तेच ओठ सावकाश, मऊमऊ हलत तिने कधीच न उच्चारलेले शब्द बाहेर ढकलत होते. एकामागून एक, गोल, पांढरे, गुबगुबीत शब्द. तिला हौद आठवला. ती मोरीकडे पळाली आणि पेढ्यासकट सगळं ओकली.

परत आली तेव्हा मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला होता. त्यात एक माशी पोहत होती.

"हे कुणी केलं?" ओजू किंचाळली. "कारखानावाल्यांनी ना?"

"नाही. कुणीच नाही." मॅडमनी चष्मा पुसला. "बस, सांगते. जुना टीव्ही होता तेव्हा लहर कमी पोचली की चित्रात मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमागे माणूस दिसायचा. मग आकडी प्रक्षेपण आलं. म्हणजे चित्राचे आकडे करून पाठवायचे. त्याचं एक वाईट असतं. पुरेसे आकडे मिळाले तर चित्र लख्ख, जरा कमी पडले की काहीच नाही. काळा पडदा. आम्ही त्याला कडेलोट म्हणतो. डोंगराच्या सावलीतल्या गावांचा रोज कडेलोट व्हायचा. म्हणून आम्ही सांधणी शोधली."

"सांधणी म्हणजे?"

"गोधडीला भोक पडलं की ठिगळ लावतो ना, तसं. जे आकडे पोचले नाहीत, त्यांच्या जागी काय असेल याचा पेटी अंदाज करते. पेटी वर्षानुवर्षं त्या घरात असते. तुम्ही कशाला थांबता, कशाला चॅनल बदलता, हे ती शिकते. त्यावरून भोक बुजवते. नाक अर्धं पोचलं तर उरलेलं अर्धं ती काढते."

"मग हे काय? हे काय नाक आहे?"

"लाल टिकली आम्ही इशारा म्हणून ठेवली होती, बाळा. मनोऱ्याकडून आलेलं खरं आणि पेटीने धरलेला अंदाज, यांचं पटलं नाही की टिकली लागते. म्हणजे टिकली दिसली तर समजायचं, खरं येतंय आणि ते वेगळं आहे. तुम्ही लोकांनी ती बिघाड समजून घालवली. अँटेना मनोऱ्याकडून फिरवत फिरवत अशा जागी आणली, की खरं जवळजवळ काही येतच नाही. खरं नाही, तर भांडण नाही. भांडण नाही, तर टिकली नाही."

"पण माझा चेहरा?"

"कोण बोलतंय, चेहरा कसा, आवाज कसा, विषय काय, एवढी ओळख आम्ही पुन्हा पुन्हा पाठवतो. ती कड्यावर आपटूनसुद्धा पोचते. बाकीचं सगळं ठिगळ आहे. नुसतं ठिगळ. गोधडी नाहीच."

ओजूला आता गेनूनाना आठवले, ठकूमावशी आठवली. म्हणजे घराघरात वेगळी ओजस्वी! ज्याला जशी हवी तशी. इतक्या घरांत शिरून तिने इतक्या लोकांना गुदगुल्या केल्या, आणि तिला पत्ता नाही! आपल्या अंगावरून कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं तिला झालं.

"तुम्हाला कळलं नाही कधी?" तिने विचारलं.

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "दरडेवाडीतून तक्रारच येत नव्हती. एकही नाही. आम्ही तुमच्या गावाचं उदाहरण द्यायचो. सांधणी किती यशस्वी झाली म्हणून."

"शी!" ओजू म्हणाली. शिक्षकाच्या वयाच्या बाईला तोंडावर 'शी' म्हणायची तिची पहिलीच वेळ, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

ती उठली, शिडी लावली आणि सरसर छपरावर चढली. "अगं पडशील!" आई ओरडली. ओजूने बांबू दोन्ही हातांत धरला आणि सगळं बळ लावून अँटेनेचं तोंड सुळक्याकडे फिरवलं. तिथून वाडीतली सगळी छपरं दिसत होती. एवढ्या मोठ्या गावात मनोऱ्याकडे बघणारी आता एकच अँटेना होती.

"टिकली आली!" खालून पप्पांचा आवाज आला. "ओजे, उलट फिरव!"

"राहू दे! बघा तुम्ही!"

ती खाली उतरली तेव्हा कोपऱ्यात टिकली भडक पेटली होती. चित्र मधूनच अडखळत होतं, चौकोन फुटत होते. पण आत ती होती. ती स्वतः! केस विस्कटलेले, मान ताठ, आवाज थोडा चिरका.

"...आमच्या अंगाला खाज सुटते. माझी आई पाठ भिंतीला घासते आणि म्हणते, उष्णता झाली असेल. ती कामावरून आली की मी तिच्या जवळ बसत नाही. मला तिचा वास येतो. आणि मला त्या वासाची नाही, माझीच किळस येते. परवा ग्रामसभेत तुम्ही हात वर कराल, तेव्हा आधी त्या हाताचा वास घ्या..."

टाळ्या वाजल्या. केंद्रातल्या टाळ्या. घरात कुणी हललं नाही.

ओजूने आईकडे पाहिलं. आता आई समजेल. आता ती जवळ घेईल, नाहीतर एक ठेवून देईल. काहीही चाललं असतं.

आईने आपले हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "मला वास येत नाही असं वाटतं होय गं तुला? दिवसभर कोपरापर्यंत हात त्यात असतात माझे. घरी येऊन टीव्हीत पण तेच बघू?"

"आई, पण उद्या ग्रामसभा..."

"दुसरी शेड झाली तर तुझ्या पप्पांना काम लागणार आहे. तुझी अकरावी त्यावर आहे." आई पप्पांकडे वळली. "अहो, ती टिकली घालवा आधी. डोळ्यांत खुपतीय."

"वहिनी, ऐका," वर्तक मॅडम म्हणाल्या, "हेच खरं आहे. ते आधीचं..."

"तुमचीच पेटी आहे ना, बाई?" आई शांतपणे म्हणाली.

पप्पा छपरावर गेले. वरून बांबू करकरला. "गेली का?"

"अजून आहे," आई म्हणाली.

पडद्यावर आता बक्षीस घेतल्यानंतरचं आभाराचं बोलणं चाललं होतं. ओजू जीव तोडून विहिरीचं काहीतरी सांगत होती. चौकोन फुटले, तिचं तोंड अर्धं गेलं, शब्द तुटला.

"आता?"

"थोडं अजून... गेली! गेली!"

आणि चित्र लोण्यासारखं झालं. वाक्याच्या मधोमध मान कलती झाली, कपाळावरची आठी पुसली गेली, ओठ मऊ झाले. "...आणि हे बक्षीस," पडद्यावरची म्हणाली, "माझ्या आईच्या हातांना."

आईने पदराखालून हात बाहेर काढले आणि मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं तसं ओजूने कधीच पाहिलं नव्हतं. ती पुढे होऊन आईच्या समोर बसली, अगदी जवळ, नाक न दाबता, आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आई, माझ्याकडे बघ. मी इथे आहे. मला तुला काहीतरी सांगायचंय."

आईने मान एका बाजूला काढली, ओजूच्या खांद्यावरून पडदा दिसेल अशी.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "ती बोलतेय ना."