साखरेचं बोधचिन्ह

सुरी केकला टेकणार, एवढ्यात तनुजा म्हणाली, "थांबा... हा केक कापता येणार नाही."

रामकिसनकाकांचा हात तसाच हवेत राहिला. बत्तीस वर्षं विद्यापीठात शिपाई म्हणून काढून काका त्या दिवशी निवृत्त होत होते. समोरच्या केकवर विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं, अख्खं, रंगीत, साखरेचं. निळी ढाल, ढालीत कमान, कमानीत ज्योत. पायथ्याशी पाण्याच्या तीन लाटा, एका अंगाला बाजरीचं कणीस आणि दुसऱ्या अंगाला कापसाचं बोंड.

"का गं पोरी? अंडं हाय का त्यात?" काकांनी घाबरून विचारलं.

"अंडं नाही काका, बोधचिन्ह आहे. नियम सातवा. बोधचिन्ह कापू नये, फाडू नये, पायदळी येईल असं ठेवू नये."

सभागृहात कुणीतरी हसलं. तनुजा हसली नाही. जनसंपर्क कक्षात तिचं कामच ते होतं. कुणी पत्रावर ढाल तिरपी छापायचं, कुणी सतरंजीवर विणून घ्यायचं, कुणी समोशांच्या कागदी ताटल्यांवर. सगळं तिच्या टेबलावर यायचं. एकोणतीस वर्षांच्या त्या मुलीला मागून 'ढालबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं.

"मग उचलून घेऊ की," दारातून आवाज आला.

केक घेऊन आलेला माणूस अजून गेलाच नव्हता. त्यानं पिशवीतून एक पातळ रुंद पातं काढलं, बाह्या सारल्या, आणि श्वास रोखून साखरेची ती निळी पोळी केकवरून अलगद सोडवून ताटात घेतली. एक तडासुद्धा गेला नाही.

"धरा मॅडम. तुमची अमानत."

ताट देताना दोघांचे हात क्षणभर एकाच कडेखाली राहिले. त्याच्या बोटांना पिठीसाखर लागलेली होती — आता तिच्याही.

"आता ह्याचं काय करता?" त्यानं विचारलं.

"जीर्ण बोधचिन्हं आमच्या कक्षात जमा होतात."

"जीर्ण? सकाळी सातला केलंय, मॅडम!"

काकांनी केक कापला. तनुजा ताट घेऊन निघून गेली.

तिसऱ्या दिवशी कक्षप्रमुख करुणा मॅडमनी कपाट उघडलं आणि चष्मा वर केला. "तनुजा, इतक्या वर्षांत फायलींना वाळवी लागलेली पाहिली. मुंग्या आज पहिल्यांदा पाहते आहे."

तनुजानं केकच्या खोक्यावरच्या नंबरवर फोन केला. नाव शिवम. बजाजनगरात केकचं छोटं दुकान. त्याआधी सहा वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात पाळ्या केलेल्या. हे सगळं त्यानं न विचारताच सांगितलं, आणि जेवणाच्या सुट्टीत मोटारसायकलवरून येऊन हजर झाला.

"कापायचं नाय, फेकायचं नाय," तो म्हणाला. "मग पाण्यात सोडू. बादली हाय का?"

इमारतीमागच्या कडुलिंबाखाली स्टीलची बादली ठेवली. साखरेची ढाल पाण्यावर दोन क्षण तरंगली, मग कडेनं विरघळू लागली. दोघं वाकून बघत राहिले.

"तुम्ही ज्योत सरळ काढली होती," तनुजा म्हणाली. "मूळ चिन्हात ती डावीकडं कललेली आहे."

"मला वाटलं, काढणाऱ्याचा हात हलला असंल. म्हणून मीच नीट केली."

"हात नव्हता हलला. हे चिन्ह काढणारे एक चित्रकलेचे मास्तर होते, उस्मानपुऱ्यात राहायचे. काखेत कागदाची गुंडाळी मारून सायकलवर यायचे म्हणे. करुणा मॅडमनी पाहिलंय त्यांना. समितीलाही ज्योत सरळच हवी होती. मास्तर म्हणाले, बंद खोलीत राहील सरळ. मी कमानीत ठेवली आहे, तिला वारं लागणारच."

शिवमनं विरघळत चाललेल्या कमानीकडं बोट केलं. "आणि कमानीला दार का नाय?"

"कुणीही आत यावं, म्हणून."

"कुणीबी? केकवाला पण?"

"कामकाजाच्या वेळेत," तनुजा म्हणाली... आणि आपण थट्टा केली, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तो हसतही होता.

बादलीतलं पाणी निळं झालं. ते त्यांनी लिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

मग तो आठवड्याला एखादी शंका घेऊन येऊ लागला. कणसाला दाणे किती? लाटा तीनच का? निळा रंग कुठला, आभाळाचा की शाईचा? या शंका फोनवर विचारता आल्या असत्या. तनुजालाही तसं सांगता आलं असतं. दोघांनीही ते केलं नाही. एकदा अवेळी भुरभुर पाऊस आला, तेव्हा सायकल स्टँडच्या पत्र्याखाली दोघं वीस मिनिटं उभी राहिली. "एकवीस दाणे," ती म्हणाली. "मोजले व्हय तुम्ही?" "मोजावे लागतात." "तुम्हाला हसू किती येळा येतं, ते मी मोजतोय," तो म्हणाला. "आजचं तिसरं." तिनं पावसाकडं बघितलं, पण ते तिसरं हसू तिला लपवता आलं नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी करुणा मॅडमनी तिच्यापुढं केकचं रिकामं खोकं ठेवलं. झाकणावर विद्यापीठाचं बोधचिन्ह. ज्योत डावीकडं कललेली. दाणे एकवीस. खाली छापलेलं: शिवम केक्स, बजाजनगर.

"दुकानानं आपलं चिन्ह वापरलंय," मॅडम म्हणाल्या. "पण इतकं बिनचूक काढायला ह्याला शिकवलं कुणी?"

तनुजानं खोकं आपल्याकडं ओढलं.

"नोटीस मी काढू, का तू?"

"मीच काढते."

नोटीस तिनं पोस्टानं पाठवली नाही. साडेपाचच्या बसनं स्वतः बजाजनगरला गेली. तिला पाहून शिवमनं हात पुसले, खोकं उचललं आणि पोरासारखा नाचवत म्हणाला, "बघा! डावीकडं हाय का नाय ज्योत?"

तिनं कागद पुढं केला. तो वाचताना त्याचा हात हळूहळू खाली आला.

"सही तुमचीच?"

"माझीच."

"चुकलं कुठं ते तरी सांगा. मी लई जपून काढलं हो."

"चित्रात काही चुकलं नाही. पण ते दुकानाचं होऊ शकत नाही. आज तुम्हाला सोडलं, तर उद्या क्लासवाले लावतील, परवा लॉजवाले. लोक म्हणतील, सगळं विद्यापीठाचंच आहे."

"म्हणजे मी, क्लासवाले, लॉजवाले... समदे सारखे?"

"ढालीपुढं — हो."

"आणि तुमच्यापुढं?"

भट्टीच्या उबेत व्हॅनिलाचा वास भरून राहिला होता. तनुजाच्या ओठांवर उत्तर होतं. पण हातात सरकारी पाकीट असताना ते द्यावं कसं, हे तिला कळेना.

"सात दिवसांत लेखी खुलासा द्या," ती म्हणाली आणि निघाली.

परतीच्या बसमध्ये पाळी सुटलेल्या कामगारांच्या गर्दीत ती दांडा धरून उभी होती. नोटीस बरोबर होती. तरी आपण काहीतरी गमावून चाललोय, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

सहा दिवस एकही शंका आली नाही. ती लिंबाखालून न जाता पुढच्या दारानं जाऊ लागली.

सातव्या दिवशी आवक टपालात पाकीट होतं. आत आखीव कागदावर, जपून काढलेल्या अक्षरात:

'महोदया, नोटीस मिळाली. चूक मान्य. एक, उरलेली चारशे खोकी कापता येत नाहीत व फेकताही येत नाहीत, सबब टेम्पोनं आपल्या कक्षात जमा करीत आहे. दोन, सोबत जोडलेल्या पत्रिकेवर बोधचिन्ह छापण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.'

सोबतची पत्रिका हातानं लिहिलेली होती. चि. शिवम आणि चि. सौ. कां. तनुजा. दिनांक कोरा. स्थळ कोरं. तळाशी बारीक अक्षरात: 'वधूची संमती बाकी आहे. दुकानात विचारणार होतो. पण तुम्ही लई लवकर निघालात.'

तनुजानं ते दोनदा वाचलं. लग्नपत्रिकेवर चिन्ह मागणारे तीन अर्ज तिनं त्याच वर्षी फेटाळले होते. त्यांतला एक कुलसचिवांच्या पुतण्याचा होता. तिनं पेन उघडलं.

खाली टेम्पोजवळ शिवम खोकी उतरवत होता. ती आली, तसा तो थांबला. तिनं दिलेला कागद त्यानं मोठ्यानं वाचला. "'खासगी पत्रिकेवर बोधचिन्ह वापरण्यास परवानगी नाकारण्यात येत आहे.'" त्याचा चेहरा पडला. "व्हय... नियमच हाय तसा."

"खाली पण लिहिलंय."

त्यानं कागद उन्हाकडं धरला. या खेपेला त्यानं मनातच वाचलं. 'बाकी मजकुरास हरकत नाही. दिनांक दोन्ही घरच्यांशी बोलून भरावा.'

त्यानं त्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम... ह्याच्यावर सही राहिली तुमची."

"मॅडम नको आता," तनुजा म्हणाली. तिनं एक खोकं उचललं, ढाल खाली जाणार नाही असं आडवं धरलं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर कागद टेकवून सही केली.