सावडीला आलेला

बांधावरून माझा पाय घसरला आणि मी थेट गंजाड गावच्या चिखलात बसले... माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर!

"मॅडम, भाताची आवणी उभ्यानं करतात," शेतातून कुणीतरी म्हणालं. मग एक हात पुढे आला, आणि त्या हातामागे शेतमालकाचं, मनिषचं, मिश्कील हसू.

मुंबईच्या कॉलेजात मी मॅनेजमेंटच्या मुलांना शाश्वत विकास शिकवते. यंदा वर्गात जर्मनीची मुलंही होती. नुसत्या स्लाइड्स दाखवून कंटाळा आला, म्हणून सगळ्यांना मनिषच्या शेतावर भात लावायला आणलं होतं.

"मजुरी कोण देतं?" जर्मनीच्या योहानाने विचारलं.

"कुणीच नाही. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. याला सावड म्हणतात."

"मग हिशेब मिटतो कधी?"

"मिटवायचा कशाला?" मनिष हसला. "मिटला तर परत कोण येणार?"

मुलं त्यावर वाद घालत बसली. मी मात्र...

"पोरी, रोप चिखलात लाव," मनिषची आई बायजी ओरडली. "त्याचे तोंडावर काय शोधतंस?"

मी लालबुंद झाले. तोही झाला, हे मी चोरून पाहिलंच.

निघताना तो हळूच म्हणाला, "तुमची सावड राहिली माझ्याकडे."

"आमचं शेत नाही हं, आमच्या गावी, सरावलीला, चिकूची वाडी आहे."

"चालेल की. झाडावर चढतो मी."

पावसाळा सरला. चिकू उतरायला लागले. दर रविवारी मी घरी येऊन वाडीत उगाच रेंगाळायचे. येईल का? कशाला येईल? माझी मलाच चीड यायची.

आणि एका रविवारी तो खरंच आला! दिवसभर तो वर चिकू काढत होता, मी खाली टोपली धरून उभी. मान दुखली, पण मला काही तक्रार नव्हती.

संध्याकाळी बाबांनी सवयीने खिशात हात घातला. गंजाडची माणसं आमच्या वाडीत मजुरीलाच येत आलेली.

"मजुरी नको, काका," मनिष शांतपणे म्हणाला. "मी सावडीला आलोय."

"सावडीला?" बाबा थबकले. "ती तर आपल्या माणसांत असते."

मनिषने माझ्याकडे पाहिलं. आज त्या नजरेत चेष्टा नव्हती.

"हो, बाबा," मी टोपली खाली ठेवून म्हणाले. "आपल्याच माणसांत."

बाबांचा हात रिकामाच बाहेर आला. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मग पुढच्या आवणीला मलाही यायला हवं," ते म्हणाले. "नाहीतर सावड फिटून जायची."

"या ना, काका," मनिषचं ते हसू परत आलं. "फक्त बांधावरून जपून. तुमच्या घरात घसरायची सवय आहे."