विकासचं पान कोण मागतं?

पटो न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. सन दोन हजार, मे महिना, कुकटपल्लीतलं आमचं छोटं ऑफिस. आणि रात्र नव्हे... भर दुपार.

आम्ही वेबसाइट बनवतो. ऑफिसच्या साइटवर प्रत्येकाचं एक पान आहे. किती जणांनी पाहिलं, तो आकडा खाली.

विकासचा आकडा रोज दुपारी एकाने वाढायचा.

"क्या रे, रोज कोण बघतंय तुला?" आम्ही चिडवायचो. तो लाजायचा.

एका दुपारी तो खुर्चीतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

मला रडूही आलं नाही. सरांनी त्याचं पान काढायला सांगितलं, मी काढलं. त्याचं काम त्याच्या शेजारी बसणाऱ्या कुलदीपकडे आलं होतं. म्हणून सर्व्हरवर नियम टाकला : विकासचं पान मागणाऱ्याला, म्हणजे ते उघडू पाहणाऱ्याला, कुलदीपच्या पानावर पाठवायचं.

"हौ, पाठव ना," कुलदीप हसला. "माझ्या पानाला कुत्रंबी विचारत नाही."

दुसऱ्या दुपारी लाइट गेली. यूपीएसवर फक्त सर्व्हर आणि त्याचा पडदा चालू. इंटरनेटची लाइनही बंद. बाहेरून कुणी येणं शक्यच नव्हतं.

तरी डिस्क वाजली.

कट्... कट्...

नोंद पाहिली. कुणीतरी विकासचं पान मागितलं होतं. कुठून, ती जागा कोरी.

कुलदीपचा आकडा एकाने वाढला होता.

मी नियम पुन्हा पुन्हा तपासला. काही चुकलं नव्हतं.

आठवडाभरात कुलदीपही गेला. तसाच, बसल्या बसल्या. गौलीगुड्यात त्याच्या घरी, त्याच्या आईला भेटायला गेले. तिने चहा दिला. मी प्यायले.

परत येऊन नियम काढून टाकला. आता मागणाऱ्याला कुणाकडेच पाठवायचं नाही. वाटलं, संपलं.

खात्रीसाठी मीच विकासचं पान मागितलं.

पांढरा पडदा. 'पान सापडलं नाही.'

आणि खाली बारीक अक्षरात...

'अडचण असल्यास संपर्क : तेजश्री.'

सर्व्हर बसवताना मीच माझं नाव दिलं होतं. सगळेच देतात.

नाव पुसलं, तर सर्व्हर सुरूच होईना. खोटं नाव घातलं. दुपारी पाहिलं, तर परत माझंच.

समोर प्रणिता बसते. नवीन लागलीये. "तेजश्रीताई, सर्व्हरचं काम मला शिकवा ना," रोज म्हणते.

काल तिचं नाव घालून पाहिलं.

ते टिकलं.

आज सकाळी मी ते काढलं, माझं परत घातलं. खूप भीती वाटायला हवी, पण वाटत नाही.

प्रणिता डबा उघडून मला हाक मारतेय. डिस्क वाजायला लागली आहे.