मैनाबाईचा डावा गाल

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात उस्मानभाईंचा फोटो स्टुडिओ होता आणि तो चालवायची त्यांची मुलगी गजाला. मोतीबिंदूने उस्मानभाईंना घरी बसवलं तेव्हा बाजार म्हणाला, आता दुकानाला कुलूप लागणार. गजालाने बाजाराच्या नाकावर टिच्चून कॉम्प्युटर आणला आणि फोटोशॉप शिकून घेतलं. त्या वर्षांत कापसाने भल्याभल्यांना तोंडघशी पाडलं होतं. लग्नाचे अल्बम कमी झाले होते आणि हार घालायच्या फोटोंचं काम वाढलं होतं. जुन्या घोळक्यातून एक चेहरा उचलायचा, डाग पुसायचे, फ्रेम करून द्यायची. हे काम तिच्या हातात इतकं बसलं होतं की आताशा ती मेलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघतच नसे. कॉलर सरळ आहे का, एवढंच बघायची.

मे महिन्यातल्या एका भर दुपारी उत्तमराव आले. मोठा संत्र्याचा बगीचा, बाजारात वजन, बोलणं सदा हुकमाचं. त्यांची आई मैनाबाई नुकतीच गेली होती.

"तेरवीले मायचा फोटू पाह्यजे," ते म्हणाले आणि त्यांनी एक फोटो टेबलावर टाकला. त्याला पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता. अंगणात, चुन्याच्या भिंतीपुढे बाज टाकलेली आणि बाजेवर दोन बाया. पांढऱ्या लुगड्यातली मैनाबाई आणि तिच्या डाव्या अंगाला अगदी खेटून बसलेली, राणी रंगाची साडी नेसलेली, खळखळून हसणारी एक बाई. मैनाबाईचा हात तिच्या खांद्यावर होता.

"ही कोन, भाऊ?"

"सुभद्रा. बहीन माही, नांदगाव खंडेश्वरले राह्यते. तिले काढून टाक."

"पुरी?"

"पुरी. बगीच्यात हिस्सा मांगते. हक्क सोडल्याची सही कर म्हनलं, तं नाई म्हनते. माय गेल्याचंही मी तिले कयवलं नाई."

गजालाला ते आवडलं नाही. पण आपलं काम रंगाचं, दुसऱ्याच्या घरच्या भांडणाचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि फोटो स्कॅनरवर ठेवला.

फोटोशॉपमध्ये मूळ चित्रावर पारदर्शक थर चढवता येतात. दुरुस्ती वरच्या थरांवर करायची, खालचं मूळ तसंच राहतं. गजालाने सुभद्रेला पुसलं, तिच्या जागी भिंत रंगवली, मैनाबाईचा चेहरा छातीपर्यंत घेतला. बघते तर मैनाबाईच्या डाव्या गालावर राणी रंगाची झाक.

ती मनाशी हसली. उन्हात बसलेल्या माणसाला शेजारच्याच्या कपड्यांचा रंग लागतो. माणूस पुसला तरी त्याचा पडलेला रंग मागे उरतो, तो वेगळा काढावा लागतो. तिने नवा थर घेऊन गालावर हलका हिरवा चढवला, कारण राणी रंग हिरव्यानेच मरतो. गाल स्वच्छ झाला.

"झालं?" उत्तमरावांनी विचारलं.

"झालं."

तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती. पंखा गरगरत थांबला, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि प्रिंटर तेवढे चालू राहिले. उन्हासाठी शटर अर्धं ओढलेलं होतं, त्यामुळे दुकानात पडद्याचाच काय तो उजेड. बाजार दुपारचा झोपला होता. गजालाने मान वळवली आणि तिचा माऊसवरचा हात थबकला.

गाल पुन्हा राणी झाला होता. मघापेक्षा गडद.

तिने एकेक थर मिटवून पाहिला, पुन्हा उघडला. दोष कुठल्याच थरात नव्हता. पडदा बिघडला म्हणावं, तर दुसरा फोटो उघडल्यावर नवरदेवाचा शर्ट पांढराशुभ्र दिसला. मग तिने मैनाबाईच्या दोन्ही गालांवर ठिपका ठेवून रंगांचे आकडे पाहिले. उजवा ठीक. डाव्यात लाल आणि निळा चढलेले, हिरवा पार बसलेला.

गजालाचं डोकं फिरलं. हट्ट तिच्या रक्तातच होता. "थांब, मावशी," ती पुटपुटली, "तू हट्टी, तं मी तुह्याहून हट्टी." आणि तिने हिरवा दुप्पट केला.

गाल क्षणभर निवळला. मग रंग कडेने आला. आधी कानाची पाळी, मग गाल, मग नाकाची कड... ती साडी नेसलेलं कुणी हळूहळू जवळ सरकत यावं तसा. दुकानात डांबराच्या गोळ्यांचा वास दाटला.

"वास कशाचा येऊन राह्यला?" उत्तमरावांचा आवाज खाली आला होता. "मायच्या पेटीचा..."

"तुमी हात लावला काय कॉम्प्युटरले?"

"मी तं इथंच बसून हावो..." ते पडद्याकडे बघत नव्हते. "तू काया-पांढरा करून टाक. रंगच नको."

गजालाने सगळा रंग काढून टाकला. भिंत राखी, लुगडं राखी, गालही राखी. ती सुटल्यासारखी झाली. प्रिंटर कुरकुरत चालू झाला, कागद इंचाइंचाने बाहेर आला. काळ्या-पांढऱ्या फोटोत मैनाबाईचा डावा गाल राणी रंगाचा होता.

गजाला घाबरली, खोटं कशाला सांगू. पण ती घाबरली की चिडायची, आणि चिडल्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच तिने मैनाबाईच्या डोळ्यांकडे पाहिलं. म्हातारी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती डावीकडे बघत होती. लेकीकडे. आणि गजालाने तिथे कोरी भिंत रंगवून ठेवली होती.

तिला स्वतःची लाज वाटली. तिने माऊस बाजूला सारला.

"मी नाई काढत, भाऊ."

"काय म्हनली?"

"माय सोडून नाई राह्यली तिले. मी कोन सोडवनारी?"

"अकोल्याले जाईन मी! तिथं छप्पन भेटतात तुह्यासारख्या."

"जा. अकोल्याले जा, अमरावतीले जा. मी हा फोटू पुरा छापते अन् सुभद्राताईले नांदगाव खंडेश्वरले पाठवते. संगं तेरवीची तारीखही कयवते."

"तुह्या बापाचं दुकान या बाजारात चालू देनार नाई मी!"

"दुकान माह्या बापाचं हाय, भाऊ. बाजार तुमच्या बापाचा नाई."

उत्तमरावांनी स्कॅनरमधून फोटो ओढून घेतला आणि ते शटरखालून वाकले. वाकताना ते थोडे उजवीकडे सरकले, डाव्या बाजूने कुणाला तरी वाट द्यावी तसे. बाहेर पांढरंफेक ऊन होतं, समोर चुन्याची भिंत होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ते ताठ उभे राहिले तेव्हा त्यांचा डावा गाल राणी रंगाचा होता.

समोरच्या चहाच्या हॉटेलातून नत्थुजी ओरडला, "उत्तमराव! मे महिन्यात होळी कोनासंगं खेयले?"

उत्तमरावांनी दुपट्ट्याने गाल पुसला. पुन्हा पुसला. दुपट्टा पांढराच राहिला.

गजालाने शटर पार वर ढकललं आणि ती खुर्चीवर येऊन बसली. पुरा फोटो छापायचा म्हणून तिने सगळे थर मिटवून तळाचं मूळ चित्र उघडलं. त्याला तिने हातही लावलेला नव्हता. बाज होती, राणी रंगाची साडी होती, सुभद्रा तशीच हसत होती, मायचा हात तिच्या खांद्यावर होता. फक्त मैनाबाईचा डावा गाल स्वच्छ होता. तिने ठिपका ठेवला. दोन्ही गालांचे आकडे एकसारखे आले.

तिने छापायचा हुकूम दिला. प्रिंटर कुरकुरू लागला. बाहेर नत्थुजीच्या माठातलं पाणी कुणीतरी तोंडावर मारत होतं, पुन्हा पुन्हा मारत होतं, आणि नत्थुजी आता हसत नव्हता.