बरणीतल्या माकुळाचे हात

अकोल्याची एसटी अमरावतीच्या स्टँडवर लागली आणि दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून एक पोरगा उतरला. दीक्षा धावलीच.

"बुधाजी मूर्तिकारांकडून?"

"त्यायचा पोरगा, धर्मपाल. घ्या मॅडम, तुमचं माकूळ."

कॉलेजात तासाच्या पैशावर प्राणिशास्त्र शिकवता शिकवता चार वर्षं झिजली होती पोरगी. आज दोन वाजता कायमच्या जागेसाठी कमिटीपुढे माकुळावर पाठ... आणि दुपट्ट्यातून मातीचा तो समुद्री प्राणी निघाला तशी ती भडकलीच.

"आठच हात?"

"तुमी कॉलेजच्या बरणीतल्या माकुळाचा फोटो धाडला. त्यात आठच दिसून राह्यले."

"अजून दोन असतात! लांब. डोळ्याखालच्या पिशवीत ओढून ठेवतं. झिंगा दिसला की फेकून मारतं."

"मले कसं कळन? आमच्या अकोल्यात काय समुद्र हाय?"

हसू आलं तिला, पण दाबलं.

त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून तार, पुट्टी आणली. कॉलेजच्या पायरीवर दोघं बसले.

"चिकटायच्या वाट्या टोकालाच. दांड्यावर नाही."

"रागात इतक्या गोड दिसता, तर—"

"हात चालवा... आणि माझं बोट सोडा."

"पुट्टीनं चिकटलं."

"माझ्या बोटाला पुट्टी नाही."

त्यानं सोडलं. सावकाश.

पाठ रंगात आला आणि ओली पुट्टी दगा देऊन गेली. एक लांब हात लोंबला. कमिटीतले बडे सर खिदळले, "मॅडम, तुमचा प्राणी मेला!" दारातल्या धर्मपालचा चेहरा उतरला.

दीक्षानं तार शांतपणे डोळ्याखालच्या भोकात सारली. "मेला नाही सर. शिकार नव्हती, म्हणून हात आत घेतला. आता दिसली—"

तार सपकन बाहेर. ओलं टोक सरांच्या पेनाला चिकटलं, पेन घेऊनच मागं आलं. सगळी खोली हसली, सरही.

पाचला यादी लागली. नाव तिचंच!

धर्मपाल फाटकापाशी उभाच. दोन गाड्या मुद्दाम सोडलेल्या.

"निघतो मॅडम."

"शनिवारी घरी हायेस?" ती एकदम वऱ्हाडीवर आली.

"हाव. कावून?"

"मी येऊन राहिली. तुले पाह्याले."

तो कानापर्यंत लाल. "पोरगी येते का कधी पोराले पाह्याले?"

"मी येते. पोहे तू करजो. आन् मान खाली घालून बसू नको, मले तोंड पाह्यचं हाय... येतात ना पोहे?"

"शनिवारपर्यंत शिकतो!"