बोगद्यातली ऊब

कुणाची पावलं वाजलेली तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिली आहेत का?

रेणूचं रोजचं कामच ते होतं. हैदराबादबाहेरच्या एका सिमेंट कारखान्यात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा लांब बोगदा होता. त्याच्या भिंतीला धरून केसासारखी बारीक काचेची तार टाकलेली. कुठे बेअरिंग तापलं, कुठे रोलर थरथरला, कुठे कुणी पाऊल टाकलं, की रेणूच्या पडद्यावर ती जागा उमटायची. त्या तारेवर तिचा स्वतःच्या हातांइतका विश्वास होता.

त्या संध्याकाळी बोगद्यातली दुरुस्ती संपली. माणसं बाहेर काढून फोरमन प्रतापरावांनी फोन केला.

"अक्का, सोडा पट्टा. भट्टीला कोळसा कमी पडायलाय."

रेणूचा हात बटणावरच थांबला. बोगद्याच्या मध्यावर एक ठिपका होता. माणसाच्या अंगाइतका उबदार. आणि तो चालत होता.

"आत कुणीतरी आहे, प्रतापराव."

"सगळे माझ्यासमोर चाय पिऊन राहिले की. तुमच्या तारेला चष्मा लावा."

"मग ठोका द्या."

कारखान्याची रीतच होती. पट्टा सोडण्याआधी दारातल्या लोखंडी खांबावर पान्याने ठोका द्यायचा. आत कुणी राहिलं असेल तर त्यानं उलट ठोका द्यायचा. प्रतापरावांनी पाना मारला. पडद्यावर दाराशी एक रेघ उठली. मग, अगदी सावकाश, मध्यावर दुसरी.

"दिला त्यानं उलट ठोका."

"मला तर काहीच ऐकू नाही आलं..." प्रतापरावांचा आवाज खाली आला.

"तुम्ही बघून येईपर्यंत मी पट्टा सोडणार नाही. माणूस चिरडेल."

प्रतापराव फोन कानाला लावून, बॅटरी घेऊन आत शिरले. कोळशाची धूळ बसलेल्या त्या काळोखात त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. पडद्यावर आता दोन ठिपके होते.

"तुमच्या पुढंच आहे... अजून थोडं... आता अगदी शेजारी."

"इथं कुणीच नाही, अक्का... नुसतं गार लागायलंय."

दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळले. बराच वेळ तिथं एकच ठिपका राहिला. मग तो दाराकडे सरकला आणि प्रतापराव बाहेर आले.

"झालं समाधान?" ते फोनवर म्हणाले.

बोगदा रिकामा दिसत होता. रेणूनं पट्टा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा थांबवून प्रतापराव तपासणीला बोगद्यात शिरले, मध्यापर्यंत चालत गेले आणि तिथून रेणूशी फोनवर बोलले. पडद्यावर तेवढा वेळ सगळा बोगदा गार होता आणि एकही पाऊल उमटलं नाही.